जावयांचं घड्याळ

तीर्थरूप दादाच्या पायांशी धाकटीचा नमस्कार पोचावा. वहिनींनाही तसाच, मात्र त्यांना सांग की डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने उलट नमस्कारासाठी वाकायचं नसतं, तेव्हा त्यांनी तो बसल्या जागी स्वीकारावा. त्यांचे थेंब वेळेवर पडतात ना? आणि तुझा गुडघा? मागच्या पत्रात तू 'ठीक' एवढंच लिहिलंस. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही तू 'ठीक'च म्हणाला होतास, म्हणून पुन्हा विचारते. चालताना दुखतो की नुसता बसल्यावर? पुढे पाय लांब करायला जागा असली तर तास-दीड तास एका खुर्चीत बसवतं का? हे जरा सविस्तर कळव. सहज विचारते आहे.

इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे. तुझे मेहुणे रोज सकाळी फिरायला जातात आणि परत येऊन मी घरात काय काय चुकीचं करते ते सांगतात, म्हणजे तब्येत उत्तम. लेक माझ्याजवळ आहे. तिला आठवा लागला, आणि डॉक्टरीणबाईंनी सक्त सांगितलं आहे की पडून राहायचं, जिना चढायचा नाही आणि मुख्य म्हणजे दचकायचं नाही. (दचकू नकोस असं तिला दिवसातून इतक्या वेळा सांगितलं जातं की ती त्यानेच दचकते.) तिच्याबरोबर जावईबापूही आमच्याकडेच राहायला आले आहेत. गुणी माणूस. ताटात काही टाकत नाहीत, खोलीतून निघताना दिवा मालवतात. मी त्यांच्यात याहून जास्त काही शोधलं नव्हतं.

पण दादा, गेल्या महिन्यात आमच्यावर जो प्रसंग आला तो तुला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुला माहीतच आहे की जावईबापू मोठ्या रुग्णालयात धुलाई विभागाचे प्रमुख आहेत. सगळ्या वॉर्डांतल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं त्यांच्या ताब्यात. तर तिथे असं ठरत आलं होतं की हा विभाग बंद करून काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं, कारण दरवर्षी ढिगाने चादरी हरवतात आणि धुलाईवाल्यांचं लक्ष नाही. विभाग बंद म्हणजे जावईबापूंची खुर्ची बंद. दुसऱ्या एका रुग्णालयाने त्यांना बोलावलं होतं, पण ते गाव इतकं लांब की एक रात्र गाडीत आणि वर आणखी अर्धा दिवस. लेक तिकडे जाणार, बाळ तिकडे जाणार, आणि मी नातवंड फोटोत बघणार. मला हे कोणी स्पष्ट बोललं नाही. लेकीने फक्त एकदा विचारलं की आई, तुला गाडीत झोप लागते का गं. मी म्हटलं, लागते. मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

निर्णय रुग्णालयाच्या संचालकबाईंच्या हातात होता. बाई कर्तबगार, पण त्यांना भेटणं म्हणजे धावत्या गाडीत चढणं. जावईबापूंनी महिनाभर भेट मागितली. शेवटी निरोप आला की रुग्णालय चालवणाऱ्यांची परिषद भरते आहे, तिथे छोटी भाषणं ठेवली आहेत, मी समोर बसलेली असेन, काय सांगायचं ते तिथे सांगा, त्यानंतर मी कागदावर सही करीन. कोणत्या कागदावर ते सांगितलं नव्हतं.

आता ही छोटी भाषणं म्हणजे काय ते ऐक. मी मॅट्रिकपर्यंत शिकले, शाळेत भाषणंही ऐकली, पण हा प्रकार नवा. बोलणाऱ्याच्या मागे मोठा पडदा. त्यावर वीस चित्रं लागणार. त्यांना स्लाइड म्हणतात. प्रत्येक चित्र पंधरा सेकंद राहणार आणि आपोआप जाणार. तुमचं बोलणं संपो न संपो, शिंक येवो, घसा बसो, यंत्र थांबत नाही. पाच मिनिटांत सगळा कारभार आटोपतो. मी घर काटकसरीने चालवणारी बाई, मला वेळ वाचवणं आवडतं, पण ही काटकसर नव्हे. ताटात वाढायचं आणि घास उचलायच्या आत ताट ओढायचं, याला मी तरी वाढणं म्हणत नाही. मी सुचवलंही की वीस कशाला, एका चित्रात दोन-दोन बसवा, दहात भागेल. तर लेक म्हणाली, "आई, हे डब्यात डबा ठेवणं नाहीये." बरं, नसेल.

आणि जावईबापूंचं बोलणं तू ऐकलेलं आहेस. चादर म्हटलं की ते आधी सुताकडे जातात, सुतावरून विणीकडे, विणीवरून पाण्याच्या कडकपणाकडे, आणि चादरीपाशी परत येईपर्यंत ऐकणाऱ्याला ती पांघरून झोप लागलेली असते. तरी लग्न ठरवताना तुझे मेहुणे म्हणाले होते की मुलगा कमी बोलतो. (तो त्या दिवशी डागांवर विचार करत होता, हे आम्हाला नंतर कळलं.) पहिल्या सरावात पाच मिनिटं संपली तेव्हा त्यांचं बोलणं चौथ्या चित्रावर होतं. चेहरा असा झाला, की ऐकताना आलेला माझा राग कुठल्या कुठे गेला. कपाटाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आई, माझ्याच्याने नाही होणार." लेक आतल्या खोलीत पडून ऐकत होती.

मग दर पंधरा सेकंदांनी वाजेल अशी घंटी मोबाइलवर लावली. दुसऱ्या घंटीलाच लेक दचकली. घंटी बंद. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बोलून पाहिलं, तर भाषणात सेकंदच मोठ्याने मोजायला लागले. तेव्हा मी चहाला आधण ठेवत होते आणि नेहमीप्रमाणे तोंडाने प्रार्थना चालू होती. आईने शिकवलेली, आपली चार ओळींची. तुला ठाऊक आहे, माझं सगळं स्वयंपाकघर त्या प्रार्थनेवर चालतं. चहाला उकळी यायला किती वेळा, दूध तापायला किती वेळा. लेकीने आतून हाक मारली, "आई, तू आत्ता जे म्हटलंस ते परत म्हण." मी म्हटलं. ती म्हणाली, परत. असं बरेचदा झालं. मग ती म्हणाली, "दर वेळी बरोबर पंधरा सेकंद होतात." दादा, मला घाम फुटला. आईला काही माहीत असेल का रे? ती तर घड्याळाकडे बघतही नसे.

तेव्हापासून माझी नेमणूक झाली. जावईबापू दाराशी उभे, मी समोर वेताच्या मोड्यावर, लेक आत लॅपटॉप पोटावर टेकवून. मी प्रार्थना म्हणायची, आधी मोठ्याने, मग हळू, मग नुसते ओठ हलवून. शेवटची ओळ आली की डोळे मिटून मान लववायची. मान लवली की चित्र बदललं असं समजून जावईबापूंनी पुढे जायचं, आणि त्याच क्षणी आतून लेकीचा आवाज यायचा, "बदललं." काय सांगू तुला, यंत्र आणि देव इतके एका तालात चाललेले मी कधी पाहिले नव्हते. जावईबापू माझ्या ओठांवर नजर ठेवून बोलायला शिकले. मध्येच दूध वर आलं म्हणून मी उठले की लेक चित्रं थांबवून ठेवी, ते अर्ध्या शब्दावर थांबत आणि मी परत येऊन बसले की तिथूनच पुढे सुरू करत. त्यांना वाटे सभागृहातही असंच करायचं. मलाही तसंच वाटे. (हे नीट लक्षात ठेव.)

तुझे मेहुणे हे सगळं वर्तमानपत्राआडून बघत होते. म्हणाले, "देवाला आता धुलाई खात्यात लावलं तर." मी पुढची ओळ जरा मोठ्याने म्हटली. मग त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, "आणि तिथे गेल्यावर तू घाबरलीस तर?" मी म्हटलं, प्रार्थना म्हणताना कोणी घाबरतं का. हे म्हणाले, "लोक घाबरल्यावरच म्हणतात." त्या दिवशी मी यांना चहा दुसऱ्यांदा दिला नाही.

त्या दिवसांत मला तुझी फार आठवण झाली. आपण लहान असताना जेवणाआधी एकेकाने ही प्रार्थना म्हणायची असे, आणि तुझी पाळी आली की सगळ्यांचे चेहरे पडत. तू तिसऱ्या ओळीपाशी पोचलास की असा काही रेंगाळायचास, जणू तिथे कोणी भेटलंय. आई आतून ओरडायची, "अरे, पानं वाढलीत." तरी तुझं आपलं सावकाश. आपल्या घरातलं गरम जेवण तुझ्यापायी किती वर्षं गार झालं, याचा हिशेब मी अजून मनात ठेवून आहे. असो.

परिषदेचा दिवस उजाडला. लेकीला पडून राहायचं, म्हणून हे तिच्यापाशी थांबले आणि मी जावईबापूंबरोबर निघाले. पाण्याची बाटली, दोन डबे आणि शाल घेतली, कारण अशा ठिकाणी फुकटच्या गोष्टी माणसाला महागात पडतात. बसमध्ये जावईबापू खिडकीतून बाहेर बघत ओठ हलवत होते. मी विचारलं, भाषण का? म्हणाले, "नाही आई, तुमची प्रार्थना." मला बरं वाटलं.

सभागृह म्हणजे शीतगृह होतं. निळ्या खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीवर पेन आणि वही, दारात बिल्ला लावलेले एक गृहस्थ, आणि पुढे तो पडदा, आमच्या दोन खोल्यांएवढा. बोलणाऱ्यांना दिसावं म्हणून खाली एक लहान पडदा ठेवतात म्हणे, पण तो त्या दिवशी बिघडला होता. जावईबापूंचा रंग उडाला. मी म्हटलं, आपल्याला कशाला हवा तो, मी आहे ना. आणि जाऊन पहिल्या रांगेत बरोब्बर मधल्या खुर्चीत बसले. खुर्चीवर 'राखीव' अशी पाटी होती, ती मी घडी घालून मागच्या खुर्चीवर ठेवली.

बिल्लेवाले गृहस्थ धावत आले. ही रांग पाहुण्यांची आहे, आपण मागे बसा. दादा, मागे बसले असते तर जावईबापूंना माझे ओठ दिसले नसते, आणि ओठ दिसले नसते तर लेक त्या लांबच्या गावी गेली असती. त्यांना हे एवढं सगळं कसं सांगणार? त्यांनी विचारलं, "पण आपण कोण?" मी म्हटलं, "मी जावयांचं घड्याळ." त्यांनी बिल्ला सरळ केला. मग म्हणाले, "बाई, कृपा करून उठा." मी म्हटलं, कृपा करणारा वेगळा असतो, आणि शाल पांघरून बसून राहिले. शेवटी ते कंटाळून गेले, आणि परत आले ते एका उंच, करड्या केसांच्या बाईंना घेऊन. त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मी रुग्णालयाच्या भिंतीवर त्यांचा फोटो पाहिलेला होता. संचालकबाई.

म्हणजे ज्यांच्या एका सहीवर माझं नातवंड अडलं होतं, त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली. माझ्या मांडीवर दोन डबे होते ते मी खुर्चीखाली सरकवायला गेले, तर एक घरंगळत त्यांच्या पायापाशी गेला. त्यांनी तो उचलून दिला. मी धन्यवाद म्हणायच्या ऐवजी प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली.

भाषणं सुरू झाली. पहिले एक डॉक्टर आले. ते पहिल्याच चित्रावर विनोद सांगायला गेले आणि विनोद संपेपर्यंत तीन चित्रं निघून गेली, मग उरलेला वेळ ते त्या तीन चित्रांची माफी मागत होते. दुसऱ्या एक बाई इतक्या भराभर बोलल्या की मलाच दम लागला. तिसरे होते पांढऱ्या दाढीचे तज्ज्ञ. त्यांनी पडद्याकडे वळून "थांब, थांब" म्हटलं, हात आडवा केला, शेवटी रागावून पाहिलं. चित्रं आपली चालली. लोक हसत होते. संचालकबाई हसत नव्हत्या. फोनवर काहीतरी वाचत होत्या आणि मध्येच मनगटाकडे बघत होत्या. मी खुर्चीच्या कडेला आले होते. माझे तळवे गार आणि कान गरम, असं मला लेकीच्या जन्माच्या वेळी झालं होतं.

मग जावईबापूंचं नाव पुकारलं. ते व्यासपीठावर गेले, माझ्याकडे पाहिलं, आणि मी सुरू केलं. पहिली पाच चित्रं घरच्यासारखी झाली असावीत. असावीत म्हणते, कारण भीतीने माझे डोळे घट्ट मिटले होते ते उघडेनात. इकडे माझ्या ओठांचं काय झालं ते ऐक. घाबरलेला माणूस भराभर चालतो, भराभर जेवतो, तसा भराभर प्रार्थनाही म्हणतो. मला ते कळलं नाही. माझी मान आधी लवायला लागली. मान लवली की जावईबापू पुढे. यंत्र मात्र आपल्या चालीने. त्यामुळे बोलणं पुढे गेलं आणि चित्रं मागे राहिली.

मी डोळे उघडले ते लोक मोठ्याने हसले म्हणून. पडद्यावर संचालकबाईंचा मोठा फोटो होता, धुलाई विभागाला त्यांनी भेट दिली तेव्हाचा, आभारासाठी लावलेला. आणि जावईबापू त्याच्यापुढच्या चित्रातल्या धुलाईयंत्राबद्दल बोलत होते. अगदी मायेने म्हणत होते, "ही आमच्याकडची सगळ्यात जुनी. आवाज फार करते, अधूनमधून गळतेही, पण हिला बदलायचं धाडस आजवर कोणी केलेलं नाही." दादा, माझ्या डाव्या कोपराशी असलेलं कोपर एकदम ताठ झालं.

जावईबापूंची पाठ पडद्याकडे. त्यांना वाटलं, भाषण रंगतंय. चेहरा खुलला. पुढे सगळ्या कर्मचाऱ्यांचा हसरा फोटो आला तेव्हा ते डागाळलेल्या कपड्यांवर पोचले होते, आणि सांगत होते की यांना आधी कढत पाण्यात बुडवून ठेवतो, मग दोन माणसं लावून पिळून काढतो. लोक खुर्च्यांवर हात मारत होते. मी ठरवलं, सावकाश म्हणायचं. पहिली ओळ सावकाश म्हटली. दुसरी सावकाश म्हटली. आणि तिसरी आठवेना.

लहानपणापासून म्हणते आहे रे. आजारपणात म्हटली, आई गेली तेव्हा म्हटली. ती ओळ जागेवर नव्हतीच. माझे ओठ थांबले. आणि जावईबापू, मी घरी शिकवल्याप्रमाणे, अर्ध्या शब्दावर थांबले आणि मी दूध उतरवून परत येण्याची वाट बघत उभे राहिले.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. यंत्र थांबलं नाही. आता हरवलेल्या चादरींची चित्रं सुरू झाली. जावईबापू महिनाभर रुग्णालयात हिंडून त्या शोधत होते. चादर रुग्णवाहिकेच्या चालकाच्या गादीवर. शांतता. चादर उपाहारगृहाच्या खिडकीला पडदा म्हणून. शांतता. चादर गळक्या नळाला गुंडाळलेली. पहारेकऱ्याच्या खोलीत उशी झालेली. लहान मुलांच्या वॉर्डात चार खुर्च्यांवर ताणून तंबू केलेला, आत दोन मुलं. पंधरा सेकंद किती मोठे असतात ते मला तिथे कळलं. लोक आधी गप्प होते. मग मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, आमच्याकडेही तसंच आहे." मग कुजबुज वाढत गेली. जावईबापू ओठ मिटून माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.

आणि मग ते चित्र आलं ज्याची मला धास्ती होती. ते लावावं की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला होता. हे म्हणाले, काढा. लेक म्हणाली, ठेवा. शेवटी ठेवलं, पण त्याच्यासोबत बोलायला आम्ही तिघांनी मिळून एक वाक्य बनवलं होतं, इतकं मऊ की पाण्यात विरघळावं. ते वाक्य बोललंच गेलं नाही. चित्र तेवढं लागलं. संचालकबाईंच्या बैठकीच्या खोलीतलं लांब टेबल, वर फुलदाणी, आणि टेबलावर अंथरलेली वॉर्डातली चादर, कोपऱ्यावर शिक्का स्पष्ट दिसणारा.

कोणी हसलं नाही. संचालकबाई पडद्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही मघापासून काहीतरी पुटपुटत होतात. का थांबलात?"

मी म्हटलं, "मी त्यांचं घड्याळ आहे. बंद पडलं."

त्यांनी एकदा जावईबापूंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, "पडदा तुमच्यासमोर आहे ना?"

"आहे."

"मग चित्र बदललं की मान हलवा."

दादा, घरात सराव करणारे आम्ही तिघं, त्यात शिकलेली माणसं दोन, आणि हे कोणाला सुचलं नव्हतं. घरी पडदा आतल्या खोलीत लेकीच्या पोटावर होता, म्हणून तो मला कधी दिसलाच नव्हता, आणि इथे समोर भिंतीएवढा असताना मी आधी डोळे मिटून आणि मग हरवलेली ओळ शोधत बसले होते. मी पडद्यावर नजर लावली. चित्र बदललं, मान हलवली. कुजबुजीवरून चादरी दाखवून झाल्या हे जावईबापूंना कळलं असावं, कारण ते थेट शेवटावर आले. शेवटची काही चित्रंच उरली होती. ते एवढंच म्हणाले की चादरी हरवलेल्या नाहीत, त्या कामाला गेल्या आहेत, आणि बाहेरच्या माणसाला ती प्रत्येक चादर हरवलेलीच दिसेल. सूत नाही, वीण नाही. घडी घातलेल्या चादरीची शेवटची स्लाइड गेली आणि त्यांचं वाक्यही तिथेच संपलं. त्याच वेळी मला तिसरी ओळ आठवली. आठवली ती तुझ्या आवाजात, तशीच रेंगाळलेली. त्या ओळीत आपण देवाकडे धीर मागतो, हे मला म्हणताना कधी जाणवलंच नव्हतं.

चहाच्या वेळी संचालकबाई जावईबापूंसमोर येऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाल्या, "तर मी अधूनमधून गळते." जावईबापूंना तो फोटोचा गोंधळ अजून कोणी सांगितला नव्हता. त्यांच्या डोक्यात धुलाईयंत्रच. त्यांनी तळमळीने सांगितलं, "हो ना, पण दोष तिचा नाही. खालचा वॉशर झिजलाय, दोन वर्षं मागतोय, कोणी देत नाही." मी डब्याचं झाकण घट्ट धरून उभी. संचालकबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग इतक्या हसल्या की त्यांना कप ठेवावा लागला.

पुढच्या आठवड्यात कागद आला. विभाग राहणार. ठेकेदाराला नकार गेला. वॉशर मंजूर झाला. बैठकीच्या खोलीतली चादर धुलाईला आली, इस्त्री होऊन वॉर्डात गेली, आणि टेबल आता उघडं असतं म्हणे. लेकीने कागद दोनदा वाचला आणि काही न विचारता कूस बदलून झोपून गेली. गाडीत झोप लागते का, हे पुन्हा कोणी विचारलं नाही. मी त्या दिवशी भांडी एकदाच घासली.

यातून मी एकच शिकले, की पाच मिनिटांत वीस चित्रं दाखवून बोलणं हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे. मी त्या सभागृहाची पायरी पुन्हा चढणार नाही, असं देवाला सांगून टाकलं आहे. वहिनींना माझं प्रेम. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने घ्यावं.

तुझी धाकटी

ता. क. गुडघ्याचं कळवायला विसरू नकोस.

आणखी एक. संचालकबाईंचा फोन आला होता. पुढच्या परिषदेत 'काही वाया न घालवता घर चालवणं' यावर मी बोलावं असं त्यांच्या मनात आहे. वयाने मोठ्या माणसांना आता प्रत्येक चित्रामागे वीस सेकंद देणार आहेत. मी स्पष्ट नकार दिला. तुझे मेहुणे म्हणाले, पहिलं शहाणपणाचं काम केलंस.

खरं सांगायचं तर, नकार मी देणार होते. पण तो नीट शब्दांत मांडायला मला पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले, आणि तेवढ्यात त्यांनी नाव लिहून घेतलं. चित्रंही अठरा काढून झाली आहेत, जावईबापूंनी काढली. यांना अजून सांगितलेलं नाही.

तर दादा, पहिल्या रांगेत तुझ्यासाठी जागा सांगून ठेवली आहे, पुढे पाय लांब करता येतात. चित्र बदललं हे काय, तिथे कोणीही मान हलवून सांगेल, जावईबापू सांगतील. मला ते नको आहे. माझी प्रार्थना वीस सेकंदांपर्यंत ताणत नाही, आणि घाबरले की पंधराचीही उरत नाही. मला समोर असा एक माणूस हवा आहे ज्याला कसलीही घाई नाही. तू फक्त येऊन बस आणि ओठ हलव. तिसऱ्या ओळीपाशी हवा तेवढा थांब. डबा मी आणते आहे, गार झाला तरी या वेळी कोणी ओरडणार नाही.